‘जीवाणुभक्षी’तला भक्षी

रुग्णालयांत ठाण मांडून बसलेल्या आणि प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जीवाणूंना मारणाऱ्या विषाणूंना ‘जीवाणुनाशक’ म्हणावे की ‘जीवाणुभक्षी’, असे एका वाचकाने विचारले आहे. ‘जीवाणुनाशक’ तर फिनाइलही असते, त्यामुळे तो शब्द बाद. त्याहून वैताग आणतात त्या ‘जंतू मारणारे जंतू’ असे छापणाऱ्या बातम्या, कारण दोघांनाही जंतू म्हटल्यावर कोणी कोणाला मारले हे वाचकाला कळावे तरी कसे?

‘भक्षी’वर काही परिभाषापंडितांचा आक्षेप असा, की हा विषाणू खात काहीच नाही: तो जीवाणूला चिकटतो, आपले जनुकद्रव्य आत सोडतो, त्याच्याच यंत्रणेकडून स्वतःच्या प्रती घडवून घेतो आणि अखेरीस त्याला फोडून बाहेर पडतो. वर्णन बिनचूक, निष्कर्ष उथळ. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करणाऱ्या फेलिक्स देरेल यांनी १९१७ मध्ये ज्या नावाने हे विषाणू जगापुढे मांडले, त्या ‘बॅक्टेरियोफाज’मधला ग्रीक ‘फागेइन’ म्हणजेही खाणेच. आणि तौलनिक भाषाशास्त्रानुसार तो ज्या मुळातून आला, त्याच मुळातून आपला ‘भज्’, म्हणजे वाटणे, वाटा घेणे, हा संस्कृत धातू निघाला आहे. ‘भाग’ आणि ‘विभक्त’ याच घरातले. ‘भक्त’ या शब्दाचा वाट्याला आलेले अन्न असाही अर्थ होता. त्याचे प्राकृतात ‘भत्त’ झाले आणि आपल्या ताटात तो ‘भात’ होऊन उतरला!

धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या पारंपरिक यादीत, ‘भक्ष अदने’ (‘भक्ष’ म्हणजे खाणे) असा वेगळा धातू दिला आहे, हे दाखवून मला गप्प करू पाहणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की ती यादी व्याकरणाच्या सोयीसाठी आहे, धातूंची वंशावळ म्हणून नव्हे. ‘भक्ष्’ हा ‘भज्’चाच विस्तार आहे. म्हणजे ‘फाज’ आणि ‘भक्षी’ सख्खे चुलत ठरतात, आणि यजमान जीवाणूच्या सामग्रीत वाटा उचलून वाढणाऱ्या विषाणूला ‘भक्षी’ हे नाव, माझ्या मते, ‘खाणारा’ या अर्थापेक्षा ‘वाटेकरी’ या अर्थानेच अधिक शोभते. सॅन डिएगोत २०१६ मध्ये टॉम पॅटरसन या रुग्णाला ज्या विषाणूंनी ॲसिनेटोबॅक्टर या प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जीवाणूच्या तावडीतून सोडवले, तेही असेच वाटेकरी होते.

तेव्हा ‘जीवाणुभक्षी’ लिहावे, आणि समासात ‘णु’ ऱ्हस्वच ठेवावा.