आधी वाटाणा उगवून दाखव

अरे, जेवणाच्या डब्यांच्या ॲपला कोणी पैसे लावत नाही म्हणतोस ना, मग ते प्रेझेंटेशन ठेव बाजूला. तुझ्यासारखीच अडचण दादासाहेब फाळक्यांना आली होती बघ, 1912 ला लंडनहून कॅमेरा आणला पण सिनेमा इथे बनू शकतो हेच लोकांना पटेना, मग पैसे कोण लावणार? तर त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभर रोज थोडं थोडं शूट करत राहिले, आणि पडद्यावर जेमतेम मिनिटभरात दाण्याचा कोंब, कोंबाचा वेल! ते बघून पैसे मिळाले, तरी घरातले दागिने गेलेच, आणि 3 मे 1913 ला गिरगावात कोरोनेशनला सिनेमा लागला. मला ही गोष्ट फार जवळची वाटते. त्याच गिरगावात 1959 ला सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केलं, पहिल्या दिवशी फक्त चार पाकिटं.

तुझं डब्याचं ॲप नंतर कर रे. आधी सोसायटीतल्या दहा घरांच्या ऑर्डर व्हॉट्सॲपवर घे, डबे स्वतः पोचव, आणि कोणी परत मागवलं, कोणाची भाजी उरली हे रोज वहीत लिही. मी हे न करता आधी गाळा घेतला होता, डिपॉझिट बुडालं, म्हणून कळकळीने सांगतोय. पंधरा दिवसांनी वही घेऊन दादरला ये, बसून बघू.