अपिलाची ‘रजा’? हसू नका

सोलापुरातल्या होटगी रोडच्या एका वाचकांनी विचारलंय: सत्र न्यायालयानं आरोपीला सोडलं, सरकारनं हायकोर्टात ‘लीव्ह’चा अर्ज केला. या लीव्हला परवानगी म्हणायचं, अनुज्ञा म्हणायचं, की मोबाइलनं भाषांतर करून दिलेली ‘रजा’?

परवानगी म्हणा, भागतं. पण आधी एक गोष्ट, जी ऐकून ऐकून कान किटलेत. ‘अपिलाला परवानगी मिळाली’ आणि ‘अपील मंजूर झालं’ हे एक नव्हे! निर्दोष सुटकेविरुद्ध सरकारला अपील करायचं तर हायकोर्टाची परवानगी लागते (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 378, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 419). ती मिळाली की अपील फक्त ऐकायला घेतलं जातं. मंजूर झालं म्हणजे अपील करणारा जिंकला. सुप्रीम कोर्टातही, घटनेच्या कलम 136 खाली, हाच प्रकार. आणि तिथं परवानगी नाकारली म्हणून खालच्या निकालावर सुप्रीम कोर्टाचं शिक्कामोर्तब झालं, असंही होत नाही. बातम्या लिहिणाऱ्यांनी एवढं तरी पाळावं.

आता रजा. मोबाइलला हसलात ना? मूळ अरबी शब्दाचा अर्थच संमती, खुशी. राजी, नाराज, राजीखुशी, रजामंदी ही सगळी त्याच घरची. साहेबांची संमती मिळाली तरच घरी बसता येई, म्हणून संमतीचीच सुट्टी झाली. ‘आपली रजा घेतो’ म्हणत सभेतून उठणारा वक्ता कुठं सुट्टी मागत असतो?

सगळ्यात गमतीचा राजीनामा. शब्दशः संमतीचा कागद. मग नोकरी सोडण्याशी त्याचा संबंध काय? मुंबई इलाख्यात जमीन सोडणारा खातेदार राजीनामा लिहून द्यायचा, घेणारा कबुलायत, म्हणजे कबुलीचा कागद. माझं ठाम मत, हक्क सोडण्याचा अर्थ तिथूनच खुर्चीला चिकटला. कोणी म्हणतात, हा नुसता कचेरीतल्या बाबूंचा प्रताप. त्यांनी जुनी जमिनीची दप्तरं उघडून बघावीत. आणि अक्कलकोटकडं कानडी बोलणाऱ्याला विचारा, ‘राजी’ म्हणजे तडजोड. दावा आपसांत मिटला की राजी झाली. शब्द कोर्टातलाच आहे हो!

‘रजा म्हणजे राजाची आज्ञा’ सांगणाऱ्या व्युत्पत्तिकारांना मात्र कोपरापासून नमस्कार. आणि रजा परकी म्हणून अनुज्ञा सुचवणाऱ्या शुद्धिवाल्यांनो, ‘अपील’ कुठल्या ऋचेतलं? शिवाय सरकारी मराठीत लायसन्सला अनुज्ञप्ती म्हणतात. अनुज्ञा ऐकून पक्षकार परवान्याच्या खिडकीपाशी उभा राहायचा.

हिंदी घटनेनं 136 मध्ये सरळ ‘विशेष इजाजत’ लिहिलंय. इजाजतही अरबीच, कुणाचं काही बिघडलं नाही.

अर्जावर काय लिहायचं ते वकील बघतील. तो अर्ज आता मुंबईऐवजी हायकोर्टाच्या कोल्हापुरातल्या सर्किट बेंचकडं जाईल. ऑगस्ट 2025 पासून सोलापूर जिल्हा तिकडं जोडलाय.