आधी वाळवंटातले संन्यासी वाच
ख्रिस्ती अध्यात्म वाचायला सुरुवात करायची असेल तर एकदम जाडजूड ईश्वरशास्त्राची पुस्तकं घेऊ नकोस रे, आधी इजिप्तच्या वाळवंटातले 4थ्या शतकातले संन्यासी वाच, संत अँथनी वगैरे, त्यांची वचनं बरीचशी दोन-चार ओळींचीच असतात आणि राग, आळस, दुसऱ्याला नावं ठेवणं असल्या आपल्या रोजच्याच गोष्टींवर असतात. दिवसाला एकच घे. हळू वाच, जो शब्द मनाला लागेल तिथे थांब, त्यावर मनन कर, मग प्रार्थना आणि मग नुसतं शांत बस, हीच ती लेक्सिओ दिविना, म्हणजे पवित्र वाचनाची जुनी ख्रिस्ती पद्धत. कंटाळा येणारच, त्याच वाळवंटातल्या इव्हाग्रियस नावाच्या संन्याशाने त्याला दुपारचा सैतान म्हटलंय, तेव्हा लगेच पुस्तक बदलू नकोस. आणि त्यांचे कडक उपास बघून तसं करायला जाऊ नकोस हां, आधी धर्मगुरूंना विचार. संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी लिहिलेले नियम नंतर वाच, 73 प्रकरणं आहेत, बहुतेक छोटी.