रामानुजननंतर कोण?

प्रश्न : आमच्या शाळेत दर २२ डिसेंबरला गणित दिनाची भाषणं होतात आणि सगळी रामानुजन यांच्यावरच. ते १९२० साली गेले. त्यानंतर संख्या सिद्धांतात आपल्याकडे काही घडलंच नाही का? यंदा मुलांना काहीतरी पुढचं सांगावं म्हणते.
– एक शिक्षिका, सांगली

उत्तर : बाई, पुष्कळ घडलं. त्यातलं बरंचसं रामानुजन यांचंच बोट धरून घडलं, त्यामुळे तुम्हाला सुरुवात नव्याने करावी लागणार नाही.

विभाजनांपासून सांगा. ४ ही संख्या ४, ३+१, २+२, २+१+१ आणि १+१+१+१ अशी पाच प्रकारे मांडता येते. ९ ची विभाजनं ३०, १४ ची १३५. शेवटी ४ किंवा ९ असलेल्या कुठल्याही संख्येच्या विभाजनांचा आकडा ५ ने भागला जातो, हे रामानुजन यांनी सिद्ध केलं. पुढे ५, ७ आणि ११ यांच्या घातांसाठीही त्यांनी असाच नियम सुचवला. त्या हिशेबाने २४३ च्या विभाजनांचा आकडा ७ च्या घनाने, म्हणजे ३४३ ने, भागला जायला हवा.

पण हा आकडा पंधरा अंकी आहे, आणि काळ संगणकाच्या आधीचा. पंजाबातले हंसराज गुप्ता हाताने आकडेमोड करत ३०० पर्यंतच्या संख्यांची विभाजनं काढत गेले. सर्वदमन चौला यांनी ती कोष्टकं बारकाईने पाहिली. २४३ समोर होतं १३,३९,७८,२५,९३,४४,८८८. हा आकडा ४९ ने भागला जातो, ३४३ ने जात नाही. रामानुजन यांचा नियम ७ च्या बाबतीत बदलावा लागणार, हे चौलांनी १९३४ साली दाखवलं. दुरुस्त नियम इंग्रज गणितज्ञ वॉटसन यांनी १९३८ साली सिद्ध केला. बी.एस्सी.ला शिकवत असताना ३४३ चा हा भागाकार मी मुलांकडून फळ्यावर करून घ्यायची. बाकी २४५ उरली की मुलं पुन्हा पहिल्यापासून तपासायची. रामानुजन यांचा अंदाज चुकू शकतो, हे त्यांना पटायचंच नाही! तुम्हीही करून घ्या. आठवी-नववीच्या मुलांना सहज जमेल.

मात्र एकाच माणसाबद्दल बोलायला वेळ असेल, तर सुब्बय्या शिवशंकरनारायण पिल्लै यांच्याबद्दल बोला. एवढा मोठा गणिती आपल्या पाठ्यपुस्तकांत का नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वॉरिंग या इंग्रज गणितज्ञाने १७७० साली सिद्धतेशिवाय एक विधान केलं होतं : कोणतीही संख्या जास्तीत जास्त ४ वर्गांच्या, ९ घनांच्या किंवा १९ चतुर्थ घातांच्या बेरजेने मिळते, आणि पुढच्या घातांचंही असंच. चौथ्या घातांसाठी ७९ घेऊन पाहा. ३ चा चौथा घात ८१, तो चालत नाही. मग १६ चार वेळा आणि १ पंधरा वेळा, झाले एकोणीस. एखाद्या संख्येला एवढे लागतात हे मूलही दाखवील. यच्चयावत संख्यांना तेवढे पुरतात, हे सिद्ध करणं महाकठीण. रामानुजन आणि त्यांना केंब्रिजला बोलावणारे गणितज्ञ हार्डी यांनी १९१८ साली विभाजनांसाठी जी पद्धत काढली, तीच पुढे हार्डी आणि त्यांचे सहकारी लिटलवुड यांनी या प्रश्नाला लावली. हार्डींचे विद्यार्थी आनंद राव मद्रासला परतून प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवत होते, आणि पिल्लै मद्रासला संशोधन करायला आले ते त्यांच्या हाताखाली.

पुढे अण्णामलाई विद्यापीठात असताना पिल्लैंनी सातव्या आणि त्यापुढच्या घातांसाठी, एका अटीवर, जास्तीत जास्त किती घात लागतात याचं नेमकं सूत्र दिलं. साल १९३६. त्याच सुमारास अमेरिकेत डिक्सन स्वतंत्रपणे तिथेच पोचले होते. सहावा घात त्या सिद्धतेत बसत नव्हता. १९४० साली पिल्लैंनी तोही सोडवला. उत्तर ७३. (७०३ ला खरोखरच ७३ लागतात : ६४ दहा वेळा, १ त्रेसष्ट वेळा.)

१९५० साली हार्वर्डला आंतरराष्ट्रीय गणित परिषद होती आणि त्यानंतर प्रिन्स्टनला राहण्याचं निमंत्रण होतं. ३१ ऑगस्टला कैरोजवळ वाळवंटात त्यांचं विमान कोसळलं. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती त्यांनी.

पाचव्या घाताचं उत्तर चीनच्या चेन जिंगरुन यांनी १९६४ साली दिलं. उरला चौथा, म्हणजे आपला ७९ वाला. तोवर मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली होती. तिथे के. चंद्रशेखरन यांनी गणित विभाग घडवला, के. जी. रामनाथन यांनी संख्या सिद्धांत रुजवला, त्यांच्याकडे के. रामचंद्र शिकले आणि रामचंद्रांकडे आर. बालसुब्रमण्यन. १९८६ साली बालसुब्रमण्यन यांनी देझुइये आणि द्रेस या फ्रेंच गणितज्ञांबरोबर १९ हे उत्तर सिद्ध केलं. वॉरिंगच्या विधानानंतर २१६ वर्षांनी.

प्रश्न : आमच्या देवळालीचे कापरेकर गुरुजी या मंडळींत मोडतात का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : त्यांची वाट वेगळी. द. रा. कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीला शाळेत शिकवत होते, आणि सिद्धतांपेक्षा संख्यांचे गुण हुडकण्यात रमत. ती नजरही दुर्मीळच. त्यांची ६१७४ ही संख्या जगभर ओळखतात : सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढता क्रम वजा करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतं. गुरुजींचं जन्मसाल १९०५ घेतलंत तर पूर्ण सात लागतात. सांगलीच्या बाईंनीही हे वर्गात करून घ्यावं आणि तीन अंकी संख्यांचं काय होतं, ते मुलांनाच शोधू द्यावं.