मोकळं रान, पण फाटकं आहेत : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालात 'एल्डन रिंग' आणि 'बाल्डर्स गेट ३' या दोन खेळांचेच प्रश्न जास्त होते. दोन्हींत खेळाडूला कुठंही जायची मुभा आहे, आणि अडचणीही तिथूनच सुरू होतात. कुठल्याही खेळाचा शेवट खाली फोडलेला नाही. वाटेतली ठिकाणं आणि बॉस (वाट अडवणारे मोठे शत्रू) यांची नावं मात्र घ्यावी लागली आहेत.

'एल्डन रिंग' सुरू केलाय. बाहेर पडल्या पडल्या सोन्याच्या चिलखतातला घोडेस्वार मारायलाय. त्याला चुकवून पुढं गेलो तर एका पेटीनं उचलून कुठल्या तरी खाणीत टाकलं. कुठंबी गेलो तरी सारखा मरायलोय. आधी जायचं कुठं? (निपाणी)

तो घोडेस्वार, ट्री सेंटिनल, तुम्ही मारावा म्हणून तिथं ठेवलेला नाही. 'लढाई सोडून निघून जाता येतं' हा खेळाचा पहिला धडा आहे आणि तो न बोलता दिलाय. त्याला लांबून वळसा घाला. लेव्हल तीसच्या आसपास घोड्यावरून परत या, तेव्हा तो आटोक्यात येतो.

खाणीचा प्रकार असा : ड्रॅगन-बर्न्ट रुइन्समधली ती पेटी थेट केलिड या पुढच्या, अवघड प्रदेशातल्या सेलिया क्रिस्टल टनेलमध्ये फेकते. बोगद्यात असेपर्यंत नकाशावरून उडी मारता येत नाही, म्हणून लोक अडकून पडतात. तिथं कुणाशी लढू नका. दबकत दबकत उघड्यावर या, नकाशा उघडा आणि लिमग्रेव्हमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या प्रदेशात, परत जा.

ग्रेसच्या, म्हणजे विसाव्याच्या जागेच्या, दिव्यातून निघणारी सोनेरी रेघ मुख्य कथेची दिशा दाखवते. तुमची ताकद त्या वाटेला पुरेल की नाही, हे ती सांगत नाही. रेघ धरून गेलात तर स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या दारात मार्गिट हा बॉस उभा असतो आणि नवख्याचं पानिपत होतं. आमच्या मते क्रम असा ठेवावा : लिमग्रेव्ह, मग दक्षिणेचं वीपिंग पेनिन्सुला, मग स्टॉर्मव्हेल, मग लिउर्निया. पेनिन्सुलात कॅलू, पिल्ग्रिमेज आणि फोर्थ चर्च ऑफ मारिका या तिन्ही चर्चमध्ये एकेक सेक्रेड टिअर मिळतो आणि दर टिअरनं औषधाची कुपी जास्त रक्त भरते. सुरुवातीच्या चर्च ऑफ एलेमधल्या ऐरणीवर साधं शस्त्र +३ पर्यंत नेता येतं. त्याला पहिल्या प्रतीचे स्मिदिंग स्टोन (शस्त्र सुधारायचे दगड) २, ४ आणि ६ असे एकूण १२ लागतात. ते लिमग्रेव्ह टनेल्समध्ये खणायला मिळतात. या टप्प्यावर पाच लेव्हल वाढवण्यापेक्षा शस्त्र +३ करणं जास्त कामाचं.

एखादा भाग तुमच्यासाठी आहे का, हे ओळखायची साधी खूण आहे. तिथला किरकोळ शिपाई दोन फटक्यांत तुम्हाला आडवं करत असेल आणि तुमचे सहा-सात वार त्याला पुरत नसतील, तर तो भाग पुढचा समजा आणि परता.

आता वाट अडवणाऱ्या फाटकांविषयी. राजधानी लेंडेलमध्ये शिरायला दोन ग्रेट रून लागतात. ते बड्या बॉसना हरवून मिळतात. ते कुणाकडून घ्यायचे ते तुम्ही ठरवायचं. गॉड्रिक आणि रेनाला ही जोडी सगळ्यांत सोपी. राजधानीच्या पठारावर चढायला दोन वाटा आहेत. एक म्हणजे डेक्टसचा पाळणा (लिफ्ट). त्याच्या पदकाचे दोन तुकडे फोर्ट हेट आणि फोर्ट फॅरॉथमध्ये आहेत. दुसरी वाट कड्यातल्या खाणीतून, पण तिच्या टोकाला मॅग्मा वर्म बसलेला असतो. स्टॉर्मव्हेलसुद्धा चुकवता येतो. किल्ल्याच्या बाजूनं कड्याकडेची वाट थेट लिउर्नियात उतरते. मार्गिटपाशी आठवडाभर डोकं आपटत बसलेल्या किती जणांना ही वाट ठाऊक असते, कोण जाणे.

सगळ्यांत जाड चिलखत घातलं तरी मार्गिट दोन फटक्यांत लोळवतो. रोलबी वेळेवर मारतो. चुकतंय कुठं? (टिळकवाडी, बेळगाव)

चिलखतातच चुकतंय. इक्विप लोड (अंगावरच्या सामानाचं वजन) ३० टक्क्यांच्या खाली असेल तर रोल, म्हणजे वार चुकवायची कोलांटी, हलका आणि लांब जातो. ३० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान तो मध्यम असतो. ७० ओलांडलं की माणूस धप्पकन पडतो आणि उठायला वेळ लावतो. शंभरावर गेलं तर रोलच होत नाही. वार अंगावर घेण्यापेक्षा चुकवण्यावर हा खेळ बेतलाय, त्यामुळे जाड पत्र्यानं जे वाचतं त्याच्या दुप्पट त्या जड रोलनं जातं. ६९ टक्क्यांवर थांबा. शिरस्त्राण काढून ठेवलं तरी बहुतेकांचं भागतं.

रोल वेळेवर मारताय असं तुम्हाला वाटतंय, पण तो मार्गिटच्या काठीच्या उचलण्यावर मारला जातोय. मार्गिट तालमीतल्या मुरलेल्या पैलवानासारखी हूल देतो. काठी उचलून धरतो, थांबतो, आणि तुमचा रोल संपून तुम्ही उभे राहताना ती खाली आणतो. नजर काठीवर नको, खांद्यावर ठेवा. हात खाली यायला लागला की मगच रोल मारा, आणि मागं पळण्याऐवजी त्याच्या अंगाकडे मारा. मागं गेलात तर पुढचा लांब फटका गाठतोच. दुसरं, तुम्ही कुपी तोंडाला लावलेली बघून तो सुरी फेकतो. कुपी त्याच्या वारांची मालिका संपली त्या क्षणीच प्यायची, एकदाच.

मदत हवी असेल तर मर्कवॉटर गुहेत पॅचेस नावाचा लबाड आहे. तो शरण आला की जीव घेऊ नका, मग तो दुकान मांडतो. मार्गिटला जमिनीशी जखडणारी बेडी त्याच्याकडे ५००० रूनला (खेळातलं चलन) मिळते. पहिल्या टप्प्यात ती दोनदा चालते.

पॉइंट घालताना आधी व्हिगर, म्हणजे रक्त वाढवणारा गुण. ४० वर रक्त १४५० होतं, ६० वर १९००. त्यापुढं ९९ पर्यंत नेलं तरी भर जेमतेम २०० ची, म्हणजे पॉइंट पाण्यात. शस्त्र दोन्ही हातांनी धरलं की स्ट्रेंग्थ (ताकदीचा गुण) दीडपट धरली जाते. २४ लागणारी तलवार १६ वर पेलते. जोडीनं येणाऱ्या शस्त्रांना मात्र हा हिशेब लागू नाही.

पावसाळ्यात आमच्याकडं लाईट केव्हा जाईल सांगता येत नाही. सेव्ह फाईल जाते का? (खानापूर)

जाऊ शकते. 'एल्डन रिंग' सतत आपोआप सेव्ह करतो. नेमकी त्या लिहिण्यातच वीज गेली तर फाईल खराब होते, आणि हातानं दुसरी सेव्ह ठेवायची सोय खेळात नाही. खेळ बंद असताना कॉम्प्युटरवरच्या 'रोमिंग' फोल्डरमधलं 'एल्डन रिंग' हे पूर्ण फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवा. निदान मोठ्या बॉसच्या आधी तरी. घरात इन्व्हर्टर असेल तर बहुतेक इन्व्हर्टरांना मागं यूपीएस मोडचं बटण असतं, ते चालू करा. साध्या मोडवर बदल व्हायला वेळ लागतो आणि तेवढ्यात कॉम्प्युटर बंद पडतो.

'बाल्डर्स गेट ३' मध्ये लढाईच्या मधोमधसुद्धा एफ-५ दाबून सेव्ह करता येतं. ढग भरून आले की बोट तिथंच ठेवा.

'एल्डन रिंग' मध्ये गोष्ट आहे कुठं? कोणी काही सांगत नाही, आणि ओळखीची माणसं मधूनच गायब होतात. (संकेश्वर)

गोष्ट आहे, पण वस्तूंच्या वर्णनांत वाटून ठेवलेली. जगाचा जुना इतिहास जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी लिहिला आणि हिदेताका मियाझाकी यांच्या चमूनं त्या इतिहासाच्या पडझडीनंतरचं जग उभं केलं. तुम्ही त्या पडझडीत फिरता. मराठी किंवा हिंदीत मजकूर नाही, इंग्रजीच वाचावं लागतं. पण वर्णनं तीन-चार ओळींचीच असतात.

राडानचं उदाहरण घ्या. एवढा अवाढव्य सेनापती मरतुकड्या घोड्यावर बसलेला दिसतो आणि लोक हसतात. त्याला हरवल्यावर मिळणाऱ्या रिमेंब्रन्स या वस्तूचं वर्णन वाचा. लाडक्या घोड्याला सोडायला लागू नये म्हणून तो गुरुत्वाकर्षणाची विद्या शिकला, असं त्यात आहे. लढाईत जे जांभळे गोळे आणि उडणारे दगड तुमच्यावर येतात ते याच विद्येचे. त्यानं आकाशातले तारेही रोखून धरलेले असतात, म्हणून तो पडला की लिमग्रेव्हच्या मिस्टवूडमध्ये तारा कोसळतो, भलंमोठं विवर पडतं आणि त्यातून नोक्रॉन या पाताळनगरीची वाट उघडते. म्हणजे कथेतलं वाक्य हेच नकाशावरचं कुलूप. या खेळाची सगळ्यांत चांगली कामगिरी आम्हाला इथं दिसते.

माणसं गायब होतात ती तुमच्या पुढं सरकण्यामुळं. मोठा बॉस पडला की त्यांची जागा बदलते, कधी त्यांचा धागाच तुटतो. म्हणून मोठ्या बॉसआधी ओळखीच्या प्रत्येकाला भेटा. तेच वाक्य परत येईपर्यंत बोला, ग्रेसवर विश्रांती घ्या, पुन्हा बोला. मार्च २०२२च्या अपडेटनंतर भेटलेल्या पात्रांची खूण नकाशावर राहते. तरी ती पुढं कुठं जाणार हे खेळ सांगत नाही, तेव्हा वही ठेवलेली बरी. आणि डोंगरमाथ्यावरच्या राक्षसांच्या भट्टीला हात लावण्याआधी लेंडेलमधली सगळी कामं उरका. पुढं मालिकेथ हा बॉस पडल्यावर ती राजधानी राखेखाली जाते. आधीचं लेंडेल त्या खेळात परत मिळत नाही.

'बाल्डर्स गेट ३' मध्ये डोक्यात किडा आहे, लवकर करा, असं सगळे सांगतात. म्हणून आम्ही झोपतच नाही. बरोबर आहे का? (शहापूर, बेळगाव)

चूक. नायकाच्या डोक्यात शिरलेल्या किड्याची घाई ही कथेतली घाई आहे. रात्री मोजून तो तुम्हाला मारत नाही. उलट सोबत्यांचे बरेच प्रसंग मुक्कामावरच्या रात्रींना बांधलेले आहेत आणि ते रांगेत उभे असतात. कमी झोपलात तर रांग साचते, गोष्ट पुढं जाते आणि काही प्रसंग कायमचे हुकतात. पहिल्या अंकात मोकळ्या मनानं झोपा. साध्या काठिण्यपातळीवर पूर्ण मुक्कामाला ४० शिधा लागतो, सगळ्यांत अवघड दोन पातळ्यांवर ८०. पिंपं आणि पोती उपसली तर तो कमी पडत नाही. दोन मुक्कामांच्या मध्ये दोन छोट्या विश्रांती मिळतात. वॉरलॉक या मांत्रिकाचे मंत्र त्यातही परत येतात, म्हणून त्याला हात आखडता ठेवायला सांगू नका.

अपवाद थोडेच. वॉकीन्स रेस्ट या जळत्या सराईजवळ गेलात की आत अडकलेल्यांना त्याच फेरीत सोडवायचं. झोपलात तर आतली माणसं गेली. ग्रिमफोर्जमध्ये ढिगाऱ्याखाली अडकलेल्या नीअर या पात्राचंही तसंच, तिथं विषारी वायू आहे. थोडक्यात, संकट डोळ्यांपुढं घडत असेल तर घड्याळ खरं. नुसतं बोलण्यात असेल तर खोटं.

त्याच खेळात शत्रूंची पाळी आधी येते आणि आमचा जादूगार पहिल्याच फेरीत पडतो. (भालकी)

पाळी ठरवायला इथं वीस बाजूंचा नव्हे, चार बाजूंचा फासा पडतो आणि त्यात डेक्स्टेरिटीची (चपळाईच्या गुणाची) भर होते. फासा लहान, म्हणून भर भारी. डेक्स्टेरिटी १६ असेल तर +३ मिळतात आणि निम्मी लढाई तिथंच. जादूगाराला उंचावर उभं करा. वरून खाली मारा करताना नेमाला +२, खालून वर मारताना -२. कॉन्सन्ट्रेशन (लक्ष एकवटून धरणं) लागणारा मंत्र एका वेळी एकच टिकतो. मार बसला की कॉन्स्टिट्यूशनचा (काटकपणाचा) फासा टाकावा लागतो, लक्ष्य १० किंवा बसलेल्या माराच्या निम्मं, यातलं मोठं. कोणी ढकलून पाडलं तर मंत्र फासा न टाकताच तुटतो. म्हणून ग्रीसच्या निसरड्या पट्ट्यापासून त्याला लांब ठेवा.

आणि पाणी वापरा. शत्रू भिजला की वीज आणि गारठा यांचा मार दुप्पट बसतो. साधी पाण्याची बाटली फेकली तरी तो भिजतो. मात्र भिजलेल्यावर आगीचा मंत्र टाकलात तर निम्मा वाया, ही चूक सर्रास होते.

'विचर ३' मध्ये पोरीचा जीव धोक्यात आणि नायक पत्ते खेळत बसतो. हे कसलं कथानक? (कारवार)

या जातीच्या खेळांचा तो रिवाजच आहे. तुम्ही येईपर्यंत संकट थांबून राहतं. खरं घड्याळ लावणारे खेळ थोडे. 'मेजोराज मास्क' मध्ये (२०००) तीन दिवसांत चंद्र कोसळतो आणि खेळाडू ते तीन दिवस पुन्हा पुन्हा मागं फिरवतो. पण तिथं अख्खा खेळच त्या घड्याळाभोवती रचलाय. तुम्ही पत्ते खुशाल खेळा. फक्त आइल ऑफ मिस्ट्सला निघण्याआधी खेळ इशारा देतो, तेव्हा वेगळी सेव्ह करून ठेवा. तिथून पुढं बरीच जोडकामं बाद होतात. तुमच्या लेव्हलपेक्षा सहा किंवा जास्त खालची जोडकामं यादीत करडी दिसतात आणि अनुभवाचे गुण जवळपास देत नाहीत. ती फक्त गोष्टीसाठी करा.