लायसन्स शून्य, मग खर्च कुठे?

प्रश्न : आमचा हिशेब आणि मालसाठ्याचा कारभार विंडोज सर्व्हरवरच्या ओरॅकल डेटाबेसमध्ये चालतो. एका पुरवठादाराने 'लिनक्स आणि पोस्टग्रेस डेटाबेस घ्या, लायसन्स शून्य' असा तक्ता दिलाय. दुसऱ्याने पाच वर्षांचा एकूण खर्च मांडून 'आहे तेच स्वस्त' असं दाखवलंय. वाचताना दोन्ही पटतात. कोणाचं ऐकावं?

उत्तर : तक्ता कोणाच्या पैशाने झाला हे आधी बघायचं, ही माझी जुनी खोड. 2002 मध्ये आयडीसी या बाजार-संशोधन कंपनीच्या अभ्यासात पाचपैकी चार कामांसाठी विंडोज 2000 लिनक्सपेक्षा स्वस्त ठरलं होतं. पैसे मायक्रोसॉफ्टचे होते. अशा ठिकाणी आकडे खोटे लिहावे लागत नाहीत, एखादी ओळ गाळली की भागतं.

तुम्ही लायसन्सचे पैसे भरून मोकळे झालात, तेव्हा ते आता कुठल्याच बाजूला धरू नका. चालू आहे तो सपोर्टचा खर्च. ओरॅकलमध्ये तो लायसन्सच्या निव्वळ किमतीच्या वर्षाला 22 टक्के, म्हणजे दरवाढ न धरताही पाच वर्षांत 110 टक्के! पहिल्या पुरवठादाराचं खरं बळ इथे आहे.

त्याने गाळलेली ओळ म्हणजे तुमचा जुना कोड. ओरॅकल रिकाम्या स्ट्रिंगला (कोऱ्या मजकुराला) नल, म्हणजे 'माहितीच नाही', असं समजतं आणि मजकूर जोडताना नल सोडून देतं. त्यामुळे मधलं नाव नसलं तरी नाव आणि आडनाव जोडून नीट येतं. पोस्टग्रेसमध्ये || या जोडचिन्हाने जोडताना एक भाग नल असला की अख्खं नाव नल. एररही येत नाही. रिपोर्ट छापला जातो, त्यात काही ग्राहकांची नावं कोरी. अशा जागा शोधायला पीएल/एसक्यूएल या ओरॅकलच्या भाषेतल्या प्रोसिजर आणि पॅकेजेस माणसानेच वाचायच्या, आणि तोवर दोन्ही सिस्टिम शेजारी-शेजारी चालवायच्या. हे तास तक्त्यात आहेत का, ते विचारा.

ऑपरेटिंग सिस्टिमचा फरक त्या मानाने किरकोळ. विंडोज सर्व्हरचं लायसन्स प्रोसेसरच्या कोअरवर, सर्व्हरमागे किमान 16 कोअर, वर कॅल (वापरणाऱ्या माणसामागे किंवा यंत्रामागे लागणारी लायसन्स) वेगळे. फुकट लिनक्सलाही मुदत असते. सेंटओएस 8 या फुकट लिनक्सचा सपोर्ट 2029 पर्यंत मिळेल या भरवशावर बसलेल्यांना 31 डिसेंबर 2021 ला तो संपल्यावर धावपळ करावी लागली. पोस्टग्रेसच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीला पाच वर्षं मिळतात, म्हणजे तुमच्या तक्त्याच्या मुदतीत एक अपग्रेड धराच.

माझं मत विचाराल तर नवीन मॉड्यूल बिनधास्त पोस्टग्रेसवर करा. जुन्यातलं एखादं लहानसं मॉड्यूल आधी हलवून बघा. त्याला लागलेले तास मोजले की दोन्ही तक्ते तपासायला तुमचा स्वतःचा आकडा मिळेल. आणि ओरॅकलच्या सपोर्टच्या नूतनीकरणाची तारीख आजच काढून ठेवा. काम तिच्यापुढे महिनाभर जरी रेंगाळलं, तरी पुढच्या अख्ख्या वर्षाचं बिल येईल.