शपथेतला एक शब्द

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार मॅडम. हे पत्र माझ्या नणंदेच्या हातानं लिहून पाठवते. मला मराठी बोलता येतं, वाचताही येतं, पण लिहिताना जोडाक्षरं चुकतात. माझा जन्म १९७९ चा, फिलिपीन्समधल्या इलोइलो प्रांतातला. कुवेतला नर्स होते, तिथं ह्यांची ओळख झाली. २००३ ला लग्न झालं आणि २००४ पासून मी निपाणीजवळ सासरच्या गावातच आहे. मुलगी २००६ ची. डीसी ऑफिसमध्ये, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडं, अर्ज केला होता, २०१३ ला मला भारताच्या नागरिकत्वाचा दाखला मिळाला. सासूबाईंनी बेळगावहून कुंदा आणून गल्लीत वाटला होता.

माझी आई, तिला आम्ही नानाय म्हणतो, आता ७८ वर्षांची आहे. गेल्या पावसाळ्यात मोरीत पाय घसरून पडली, तेव्हापासून काठीशिवाय चालत नाही. वडील तीन वर्षांपूर्वी मृत्युपत्र न करता वारले. भाताचं थोडं शेत आणि घर आहे. भाऊ म्हणतो, तू परदेशी झालीस, तुझा हिस्सा संपला. मावसबहीण कॅलिफोर्नियाला असते. ती म्हणते, एक शपथ घे की पुन्हा फिलिपिनो होशील, मी दोन्ही पासपोर्ट वापरते. एका एजंटनंही तेच सांगितलं आणि कागद घेऊन ये म्हणाला. मला वर्षातून तीन-चार महिने आईजवळ राहायचं आहे, पण हे घर सोडायचं नाही. माझ्या नावावर दोन एकर शेत आहे. बचत गटातल्या बायका म्हणतात, पुढच्या पंचायतीला बायकांच्या जागेवर तू उभी राहा. शपथ घेऊ का? मुलीलाही घ्यायला लावू का?
एक वाचक, निपाणी तालुका

उत्तर : ताई, भावाच्या बोलण्यावरून आणि एजंटच्या घाईनं शपथ घेऊ नका. तुमच्या पत्रात मला दोन गरजा दिसतात, आईजवळ राहणं आणि वडिलांच्या मिळकतीतला हिस्सा. या दोन्हींसाठी नागरिकत्व बदलावं लागत नाही. शपथ घेतलीत तर इकडं जे जाईल ते मात्र खरोखरच जाईल.

मावसबहीण खोटं सांगत नाही. फिलिपीन्सनं २००३ साली रिपब्लिक अ‍ॅक्ट ९२२५ हा कायदा केला, तो त्या वर्षीच्या १७ सप्टेंबरपासून लागू आहे. जन्मानं फिलिपिनो असलेल्या माणसानं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं असलं, तरी एकनिष्ठेची शपथ घेऊन त्याला आपलं मूळ नागरिकत्व परत मिळवता येतं. हा कायदा येण्याआधी जे दुसरीकडचे नागरिक झाले, त्यांच्यासाठी ‘पुन्हा मिळवणं’ असा शब्द आहे. तुमच्यासारख्या नंतर झालेल्यांसाठी ‘टिकवणं’ असा आहे. दोघांची शपथ एकच. ती घेताना दुसऱ्या देशाचं नागरिकत्व सोडा, असं फिलिपीन्स म्हणत नाही. अमेरिकाही म्हणत नाही. म्हणून कॅलिफोर्नियातल्या बहिणीच्या पर्समध्ये दोन पासपोर्ट राहू शकतात.

तुम्ही मात्र भारताच्या नागरिक आहात. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ असं आहे की, जो भारतीय नागरिक स्वेच्छेनं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व मिळवतो, त्याचं भारतीय नागरिकत्व त्या क्षणी संपतं. त्यासाठी नोटीस यावी लागत नाही, कुणाची सही लागत नाही. आता फिलिपीन्सच्या शपथेचं शेवटचं वाक्य पाहा. ही जबाबदारी मी स्वेच्छेनं, मनात काही राखून न ठेवता स्वतःवर घेत आहे, असं तुम्हाला हात वर करून म्हणावं लागतं. जो शब्द आपल्या कायद्यात आहे तोच तिथं तुमच्या तोंडून वदवला जातो. नंतर ‘मला ठाऊक नव्हतं, एजंटनं सांगितलं’ म्हणायला जागाच उरत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. खानापूर तालुक्यातला एक मुलगा काही वर्षांपूर्वी माझ्याकडं आला होता. आजोळ गोव्याचं. आजोबांच्या जन्मनोंदीच्या आधारानं त्यानं पोर्तुगालचा पासपोर्ट काढला, इंग्लंडला जाऊन आला. इकडचा पासपोर्ट, मतदान ओळखपत्र, आधार सगळं कपाटात तसंच. त्याची प्रामाणिक समजूत अशी की, कुणी काढून घेतलं नाही म्हणजे आपण अजून भारतीय आहोत. मतदानही केलं होतं त्यानं. आईच्या आजारपणात भारतीय पासपोर्टवर परत आला आणि तिथून त्याची जी फरफट सुरू झाली, ती मी जवळून पाहिली. पोरगा वाईट नव्हता. कुणीतरी आधी दहा मिनिटं बसून त्याला सांगायला हवं होतं. म्हणून तुम्हाला सविस्तर लिहिते आहे.

आपण सीमाभागातली माणसं, कागदावरचं गाव आणि मनातलं गाव वेगळं असणं आपल्याला नवं नाही. माझे वडील येळ्ळूरचे, आत्या चंदगडला दिलेली. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला, आणि भाऊ-बहीण दोन राज्यांत पडले. त्या दोघांना कुणी विचारलं नव्हतं, कुणी त्यांची सही घेतली नव्हती. वडील आयुष्यभर मोर्चाला जात राहिले ते त्याच बळावर. तुमची मात्र सही मागतायत.

आता भावाचं बोलणं. फिलिपीन्सच्या १९८७ च्या राज्यघटनेत परदेशी माणसाच्या नावावर जमीन करता येत नाही, हे खरं. पण त्याच वाक्याच्या सुरुवातीला अपवाद आहे : वारसाहक्कानं मिळणारी जमीन सोडून. म्हणजे मृत्युपत्र न करता वारलेल्या बापाच्या जमिनीत लेकीचा हिस्सा ती कुठल्या देशाची नागरिक आहे यावर ठरत नाही. तुमच्यासारख्या जन्मानं फिलिपिनो असलेल्यांना तर पुढच्याच कलमात, ठरावीक मर्यादेत, जमीन विकत घ्यायचीही मुभा आहे. त्यांच्या दिवाणी कायद्यात मृत्युपत्र नसताना विधवेला एका मुलाइतका वाटा मिळतो आणि मुलगा-मुलगी सारखेच. तुम्ही भारतीय झालात म्हणून यातलं काही बदललं नाही.

भाऊ परस्पर वाटणीपत्र करेल, ही भीती तुमच्या पत्रात ओळींच्या मधे दिसते. तिथं कोर्टाबाहेर वाटणी करायची तर सगळ्या वारसांनी मिळून दस्त करावा लागतो, आणि त्याची जाहिरात वर्तमानपत्रात लागोपाठ तीन आठवडे, आठवड्याला एकदा द्यावी लागते. ज्या वारसानं त्यात भाग घेतला नाही आणि ज्याला खबर नव्हती, त्याच्यावर ती वाटणी बंधनकारक नसते. २०१८ पासून तिकडं वारसा कराचा दर सरसकट ६ टक्के आहे. तो भरल्याशिवाय नवं नाव चढत नाही. तेव्हा भावाला आधी प्रेमानं, पण लेखी कळवा की तुम्ही वारस आहात आणि तुमच्याशिवाय दस्त होऊ नये. तिथल्या विश्वासातल्या एखाद्या नातेवाइकाला वटमुखत्यारपत्र द्या. ते इथंच नोटरीसमोर करून त्यावर आपल्या परराष्ट्र खात्याचं अपॉस्टिल, म्हणजे परदेशात चालणारं साक्षांकन, घ्यायचं. १४ मे २०१९ पासून फिलिपीन्स अपॉस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, त्यामुळं पूर्वीसारखं वकिलातीचं वेगळं साक्षांकन लागत नाही. एक आपल्याकडची अडचण लक्षात ठेवा. तुमचा इथला कुठलाही कागद कन्नडमध्ये असला, तर त्याचं इंग्रजी भाषांतर आधी करून घ्या. नाहीतर सगळं तयार असूनही कागद परत येतो.

हिस्सा मिळाला तर तो भारतात राहून ठेवता येतो. परदेशात राहणाऱ्या माणसाकडून वारशानं आलेली तिकडची मिळकत ठेवायला फेमा या परकीय चलनाच्या कायद्याची हरकत नाही. आयकराच्या विवरणपत्रात परदेशी मिळकतीच्या रकान्यात ती न चुकता दाखवा. हे विसरल्याचा दंड मोठा आहे.

आईजवळ राहण्याबद्दल. ‘बालिकबायन’ म्हणजे माघारी आलेला गाववाला. तिथं जुन्या फिलिपिनो माणसाला व्हिसाशिवाय वर्षभर राहू देणारी सवलत याच नावानं आहे. मात्र कायद्यातच काही देशांच्या पासपोर्टधारकांसाठी अपवाद ठेवला आहे. भारतीय पासपोर्टवर ही सवलत मिळेलच असं धरून तिकीट काढू नका. नवी दिल्लीतल्या फिलिपीन्सच्या वकिलातीकडून आधी लेखी उत्तर घ्या. ती नाही मिळाली तर रीतसर व्हिसा आणि तिथं गेल्यावर मुदतवाढ, एवढ्यावर तीन-चार महिने निघतात. उद्या आईसाठी कायमचंच राहायची वेळ आली, तर जन्मानं फिलिपिनो असलेल्या पण आता परदेशी नागरिक झालेल्यांसाठी त्यांच्या १९४० च्या इमिग्रेशन कायद्यात कलम १३(जी) चा कायम वास्तव्याचा व्हिसा आहे. त्यात नागरिकत्वाला हात लागत नाही.

एवढं सगळं वाचूनही तुमचं मन तिकडं ओढलं, तर त्यात चूक काही नाही. जिथं नाळ पुरली तिथलं नाव पुन्हा लागावं असं वाटणारच. तेव्हा डोळे उघडे ठेवून जा. जन्मदाखला, लग्नाचा दाखला, जुना फिलिपीन्स पासपोर्ट आणि भारताच्या नागरिकत्वाचा नोंदणी दाखला घेऊन वकिलातीत शपथ होते. २०१३ ला आपल्याकडं अर्ज करताना जुनं नागरिकत्व सोडल्याचं काही लेखी दिलं असेल, तर तो कागद वकिलातीला आधीच दाखवा. कारण त्यांचा कायदा ‘दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतल्यामुळं’ गमावलेल्यांबद्दल बोलतो आणि स्वतःहून लिहून सोडणं ही गोष्ट निराळी ठरू शकते. शपथ झाली की भारतीय पासपोर्ट जमा करायचा, तो एकदाही वापरायचा नाही. मग ओसीआय कार्डासाठी, म्हणजे भारताशी नातं असलेल्या परदेशी नागरिकांना इथं राहू देणाऱ्या कार्डासाठी, अर्ज. इथं एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण ती बायकांना कुणी सांगत नाही. तुम्ही एकेकाळी भारताच्या नागरिक होता, म्हणून ते कार्ड तुम्हाला स्वतःच्या हक्कानं मागता येतं. नवऱ्याची बायको म्हणून मागू नका. लग्नाच्या आधारावर घेतलेलं कार्ड घटस्फोट झाला तर रद्द होऊ शकतं.

ओसीआयवर निपाणीत जन्मभर राहता येईल. दोन एकर नावावर राहील, नवी शेतजमीन मात्र विकत घेता येणार नाही. मत नाही, आणि पंचायतीला उभं राहणं तर नाहीच. परत भारतीय व्हायचं तर कार्डाला ५ वर्षं व्हावी लागतात, अर्जाआधी १२ महिने इथं राहावं लागतं, आणि तेव्हा पुन्हा तिकडचं सोडावं लागतं. मला विचाराल तर ज्या बायका तुम्हाला उभी राहा म्हणतायत, त्यांच्या शब्दाला मी फार मोल देते. वीस वर्षांत परक्या मुलखात असा विश्वास मिळवणं सोपं नाही.

मुलीचं वेगळं आहे. आईच्या शपथेबरोबर आपोआप नागरिकत्व मिळतं ते १८ वर्षांच्या आतल्या अविवाहित मुलांना, म्हणजे तिला ते लागू नाही. पण ती २००६ ला जन्मली तेव्हा तुम्ही अजून फिलिपीन्सच्याच नागरिक होता, आणि त्यांच्या घटनेनं आई फिलिपिनो असलेलं मूल जन्मानंच फिलिपिनो असतं. ती तिकडची आहे हे तिला जरूर सांगा, आजीशी तिच्या भाषेत बोलायला शिकवा. तिकडचा पासपोर्ट मात्र आत्ता काढू नका. तिच्या हातात भारतीय पासपोर्ट आहे, तिचं शिक्षण, नोकरी, लग्न सगळं पुढं आहे. हा निर्णय तिनं स्वतः, पंचविशीत, सगळं समजून घ्यावा.

एजंटकडं मूळ कागद दिले असतील तर या आठवड्यातच परत आणा. २०१३ चा नोंदणी दाखला तर घराबाहेर जाऊच देऊ नका, नकला काढून ठेवा. वटमुखत्यारपत्राचा मसुदा नणंदबाईंच्या हातानं मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. मी पाहून देते, त्याचे पैसे नकोत. आणि तिकिटं आता काढा, आईला भेटून या.